आईचा साज वहिनीकडे आहे, माझा हिस्सा किती?

प्रश्न: आमच्या घरात पणजीपासून चालत आलेला कोल्हापुरी साज आहे. १९७४ साली आईच्या लग्नात सूनमुख पाहताना आजीने तो तिच्या गळ्यात घातला. २००३ मध्ये दादाच्या लग्नात आईने तोच वहिनीला घातला, पण सत्यनारायण झाल्यावर परत घेऊन लॉकरमध्ये ठेवला. २०२३ मध्ये आई गेली. मृत्युपत्र नाही. ‘माझ्यामागे साज तुझा’ असं ती मला नेहमी म्हणायची. लॉकर आई आणि दादा या दोघांच्या नावावर होता. आता साज वहिनीकडे आहे आणि दादा म्हणतो, आपल्यात तो थोरल्या सुनेकडेच जातो. वडील ७८ वर्षांचे आहेत, ते गप्प बसतात. पोलिसांत तक्रार करू का?
– कऱ्हाडच्या एक वाचक

उत्तर: ताई, पोलिसांत सध्या जाऊ नका. वारसांपैकी एकाच्या घरात वस्तू आहे म्हटल्यावर ‘दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ असं सांगून तुम्हाला परत पाठवतील, आणि दादाशी बोलायची वाट तेवढी बंद होईल.

आधी दादाच्या म्हणण्याकडे पाहू. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. ज्या बाबींची तरतूद या कायद्यात आहे, त्यांबाबतच्या जुन्या रूढी त्याच्या कलम ४ ने संपवल्या. ‘आपल्यात असंच असतं’ हे पंगतीत ठीक आहे, वारसाच्या दाव्यात त्याचा उपयोग नाही. शिवाय साज ‘घराण्याचा’ राहिलेलाच नव्हता. आजीने लग्नात दिला तेव्हा तो आईचं स्त्रीधन झाला. कलम १४ प्रमाणे ती त्याची पूर्ण मालक होती. वडिलांचाही त्यावर हक्क नव्हता. स्त्रीधन फक्त त्या स्त्रीचं, नवरा त्यात भागीदार होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे.

आता तुमची बाजू, आणि इथे थोडं कडू बोलावं लागेल. ‘माझ्यामागे तुझा’ हे आईचे शब्द खरे असतील, पण तोंडी मृत्युपत्र तुमच्याआमच्यासारख्यांना चालत नाही. ते लेखी हवं, सही हवी, दोन साक्षीदार हवेत. बक्षीस म्हणावं, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र नसताना दागिना हयातीतच हातात द्यावा लागतो. तो तुमच्या हातात कधी आलाच नाही. त्यामुळे संपूर्ण साज मागू नका, तो दावा टिकणार नाही. आईचे वारस तीन: वडील, दादा आणि तुम्ही. प्रत्येकाचा एक तृतीयांश. लॉकर दादाच्या नावावरही होता, म्हणजे तो उघडायचा अधिकार त्याला होता, एवढंच. आतल्या वस्तूंची मालकी त्याने ठरत नाही.

सगळं प्रकरण अडेल ते २००३ च्या त्या दोन दिवसांवर. आईने साज वहिनीला दिला, की नुसता घातला? दिला असेल तर तो त्याच दिवशी वहिनीचं स्त्रीधन झाला, आणि मग तुम्हीच काय, दादाही त्यावर हक्क सांगू शकत नाही. पुढे वीस वर्षं लॉकरमध्ये राहिला तरी तो आईकडे वहिनीची ठेव म्हणून होता असं त्यांचे वकील म्हणतील, आणि ते म्हणणं पोकळ नाही. लग्नापुरता मान म्हणून घातला असेल, तर मालकी आईकडेच राहिली. इथे पुरावा लागतो तो वागणुकीचा. २००३ नंतरचे फोटो शोधा. एखाद्या बारशाला, गौरीला साज आईच्या गळ्यात दिसतो की वहिनीच्या? दुरुस्तीची, गाठवल्याची सोनाराची पावती कोणाच्या नावावर आहे? लॉकर कधी कोणी उघडला याची नोंद बँकेकडे असते. ती तुम्हाला मागून मिळणार नाही, पण दाव्यात कोर्टामार्फत मागवता येते.

समजा साज आईचाच ठरला. मग वाटायचा कसा? साजाला एकवीस पानं, म्हणजे पदकं असतात, त्यांतली काही विष्णूच्या अवतारांची. मत्स्य दादाला, कूर्म तुम्हाला, असं वाटप कोणी करत नाही. एकाने साज ठेवायचा आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे. तेही जमलं नाही तर शेवटी विक्री, म्हणजे बहुधा वितळवणं. किंमत मात्र मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडूनच करून घ्या. जुन्या साजाच्या पानांत लाख भरलेली असते, तेव्हा काट्यावरचं वजन म्हणजे सोन्याचं वजन नव्हे. यावर भांडलेली भावंडं मी पाहिली आहेत. तडजोड झाली तर ती कागदावर घ्या, तिघांच्या सह्या घ्या. फक्त दागिन्यांची वाटणी असेल तर नोंदणी सक्तीची नाही.

उशीर मात्र नको. जंगम वस्तू परत मागण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती कधीपासून मोजायची यावर वाद घालता येतो, पण तो वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. दादाने व्हॉट्सॲपवर नकार कळवला असेल तर तो मेसेज जपून ठेवा. साज विकू किंवा मोडू नये अशी नोटीस वकिलामार्फत पाठवता येईल. ऐकलं नाही तर वाटपाचा दावा आणि त्यातच तात्पुरत्या मनाईचा अर्ज.

पण नोटिशीच्या आधी वडिलांकडे जा, एकट्या. ते तिसऱ्या हिश्श्याचे मालक आहेत. तो हिस्सा ते तुम्हाला देऊ शकतात, दादालाही देऊ शकतात. २००३ चे साक्षीदारही तेच आहेत. हिश्श्याचा विषय काढू नका. एवढंच विचारा, सत्यनारायणानंतर साज परत घेताना आई वहिनीला काय म्हणाली होती? जे सांगतील ते त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि त्यांची तयारी असेल तर प्रतिज्ञापत्र करून घ्या.