जेली रोल रॅप सोडून कंट्रीकडे वळला तो मनापासून की बाजार बघून?

तुम्ही विचारलंय की जेली रोल हा अमेरिकी गायक, म्हणजे गल्लीत ड्रग्ज विकणारा, वर्षानुवर्षं रॅप करणारा माणूस, चाळिशीच्या तोंडावर कंट्रीचे, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण बाजाच्या संगीताचे पुरस्कार घ्यायला लागतो, हे खरं मानायचं का. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल हे कंट्री संगीताचं माहेरघर, तिथे मी साडेतीन वर्षं काढली. त्यातली पहिली दोन अँटिऑक या भागात, कारण तिथलं भाडं परवडायचं. जेली रोल त्याच भागातला. माझ्या मते त्याने रॅप सोडलाच नाही. जे तो इतकी वर्षं बोलत होता, ते गायला लागला.

अँटिऑक शहराच्या आग्नेयेला आहे. काउबॉय बूट आणि गिटारींच्या झगमगाटातल्या ब्रॉडवे या नॅशव्हिलच्या रस्त्यावर हिंडणारे पर्यटक इकडे फिरकत नाहीत. जेली रोल, खरं नाव जेसन डीफोर्ड, १९८४ साली जन्मला आणि इथेच वाढला. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून आईने लाडाने ठेवलेलं नाव म्हणजे जेली रोल. वडील मांसाचे घाऊक विक्रेते, जोडीला सट्टाही घ्यायचे. आई मनाच्या आजाराने आणि व्यसनाने खोलीत पडून असायची. ती बाहेर येऊन गाणी लावायची तेव्हा घरात जीव यायचा, असं तो सांगतो.

कोवळ्या वयातच अटका सुरू झाल्या. सोळाव्या वर्षी शस्त्राच्या धाकाने लूट केल्याचा गुन्हा दाखल झाला आणि खटला प्रौढ म्हणून चालला. वर्षाहून जास्त कैद, त्यानंतर बाहेर राहून सात वर्षांहून जास्त देखरेख (प्रोबेशन). पुढे ड्रग्ज विकणं आणि तुरुंगाच्या फेऱ्या चालूच राहिल्या. हे सगळं पोरवय म्हणून मी सोडून देत नाही. तोही देत नाही, म्हणूनच मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं.

२२ मे २००८. तो कोठडीत होता. पहारेकरी दाराशी आला आणि म्हणाला, तुला आज मूल झालं. एवढंच. मुलगी झाली होती, आणि बाप दाराच्या आत. त्या दिवसानंतर त्याने तुरुंगातच अभ्यासाला बसून शाळेच्या समकक्षतेची परीक्षा दिली. मुलीला पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या दुसऱ्या वाढदिवसाला. बदल तिथून सुरू झाला. तेव्हा त्याला कुठली कंपनी विचारत नव्हती की रेडिओ वाजवत नव्हता. बाहेर आल्यावरही पुढची दहा-बारा वर्षं तो गाडीतून मिक्सटेप, म्हणजे स्वतःच काढलेले गाण्यांचे संच विकत, छोट्या क्लबांमध्ये गात फिरला. बाजार बघणारा माणूस इतका काळ थांबत नाही.

आता संगीताचं. कंट्री आणि रॅप म्हणजे दोन टोकं, असं आपल्याला लांबून वाटतं. दक्षिणेत तसं नाही. जेली रोल ज्यांना ऐकत वाढला ते थ्री सिक्स माफिया आणि एटबॉल अँड एमजेजी हे रॅप गट मेम्फिस शहरातले, म्हणजे त्याच टेनेसी राज्यातले. टेक्सासच्या यूजीके या रॅप जोडीतल्या पिंप सीने तर आपल्या संगीताला सरळ ‘कंट्री रॅप’ म्हटलं होतं. त्यांच्या बीटमध्ये चर्चचा ऑर्गन आहे, ब्लूजची गिटार आहे. शनिवारी रात्री केलेलं पाप आणि रविवारी सकाळी त्याची कबुली, दोन्ही एकाच गाण्यात. कंट्रीचा गाभाही तोच. तेव्हा जेली रोलला उडी मारावी लागली नाही, आवाज थोडा लांबवावा लागला.

तो लांबवला २०२० मध्ये, ‘सेव्ह मी’ या गाण्यात. ठेका जवळजवळ नाहीच, नुसती गिटार आणि खरखरीत गळा. हे गाणं मला कळलं ते गोदामातल्या एका सहकाऱ्यामुळे. पन्नाशीचा, हातभर टॅटू, कामापुरतं बोलणारा माणूस. जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि गाणं लावलं. गाणं संपेपर्यंत बोटांत लायटर फिरवत राहिला, सिगारेट काढलीच नाही. मग म्हणाला, माझा भाऊ फेंटॅनिलने (अतिशय जहाल, अफूसारख्या नशेच्या ड्रगने) गेला. मी काय बोलणार! जेवण आवरून आम्ही कामाला लागलो. त्याला हे गाणं रॅपमध्ये मोडतं की कंट्रीत, असा प्रश्नच पडला नव्हता.

नंतरचं तुम्हाला ठाऊक असेल. त्याचं ‘सन ऑफ अ सिनर’ हे गाणं २०२३ च्या सुरुवातीला कंट्री रेडिओवर पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘नीड अ फेव्हर’ कंट्री आणि रॉक, दोन्ही रेडिओ याद्यांवर अव्वल ठरलं. गरज पडली की मगच देवाची आठवण काढणाऱ्या माणसाचं ते गाणं आहे, आणि देवापुढे स्वतःला पतित म्हणवून घेणं आपल्या कानांना काही नवं नाही. ज्या चर्चमध्ये चौदाव्या वर्षी बाप्तिस्मा झाला, त्या व्हिटसिट चॅपलचं नाव त्याने अल्बमला दिलं. त्याच वर्षी सीएमएचा, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशन या संघटनेचा, नवोदित कलाकाराचा पुरस्कार मिळाला.

बाजार नव्हताच असं मी म्हणणार नाही. अलीकडच्या काही गाण्यांना फार पॉलिश केलंय, आणि ‘मी मोडलेला आहे’ हे पालुपद त्याच त्याच शब्दांत येतं. मला जुना, ओबडधोबड जेली रोल जास्त आवडतो.

पण जानेवारी २०२४ मध्ये तो अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे फेंटॅनिलवर बोलायला बसला, ते भाषण जरूर बघा. काहीच न कळता स्वयंपाकघरात रसायनं कालवणारा अडाणी माणूस मीच होतो, मी माझ्याच लोकांचं नुकसान केलं, हे त्याने खासदारांसमोर स्वतःहून सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये नॅशव्हिलचं ब्रिजस्टोन अरीना हे भव्य सभागृह खचाखच भरवलं, त्या कार्यक्रमाचे पैसे त्याने बालगुन्हेगारांच्या कोठडीत रेकॉर्डिंग स्टुडिओ उभारायला दिले. लहानपणी त्याला जिथे डांबलं होतं, तीच ती कोठडी.