जुन्या पोर्शे ९४४ ला स्पेसर (चाकामागे बसणारी चकती) लावून ऑडीची चाकं बसतील का?

बसतील, पण नुसत्या स्पेसरने नाही. ९४४ चा पीसीडी (बोल्टची संख्या × ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा मिमीमधला व्यास) ५×१३०, ऑडीचा बहुतेक ५×११२. म्हणजे स्वतःचे स्टड (नट आवळायचे आट्यांचे दांडे) असलेला अॅडॉप्टरच लागणार. तो साधारण २० मिमी तरी जाड असतो, चाक तेवढं बाहेर येतं आणि बेअरिंगवर ताण वाढतो. फेंडरला टायर घासेल का, ते आधी मोजा.

अॅडॉप्टर हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) नेमका बसायला हवा, सैल नको. सांगलीत लेथवर चकती कुणीही वळून देईल हो, पण धातू कुठला? मी तरी फोर्ज्ड अॅल्युमिनियमचा तयारच घेईन. नट टॉर्क रेंचने १३० न्यूटन-मीटरला आवळा आणि ८०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा, खंबाटकी घाट उतरायच्या आधी.