दाद देईनासा झालेला स्नायू

प्रसूतीची टिपणं मराठीत उतरवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "कळा वाढवायला ऑक्सिटोसिनचं सलाईन बराच वेळ चालू राहिलं की गर्भाशयाचा स्नायू पूर्वीइतका आवळत नाही. याला थकवा म्हणू, बधिरता, की औषधाची सवय?"

थकवा नको. वार पडल्यावर गर्भाशय सैल राहिलं, रक्त थांबेना आणि ऑक्सिटोसिन लागू पडेना, तर डॉक्टर मिथाइलएर्गोमेट्रिन किंवा कार्बोप्रोस्ट देतात. त्यांना तोच स्नायू पुष्कळदा आवळून दाखवतो, कारण त्यांचे ग्राही (पेशीवरची, औषध जिथे चिकटतं ती प्रथिनं) वेगळे. ऑक्सिटोसिनचं असं होतं: संप्रेरक ग्राहीला चिकटलं की थोड्या वेळात त्या ग्राहीवर फॉस्फेट चढतं, मग अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि ग्राही पेशीच्या आत ओढला जातो. मारा तासन्‌तास चालला तर पृष्ठभागावर ग्राहीच कमी उरतात. लांबलेल्या प्रसूतीत स्नायू खरोखरही दमतो. थकवा हा शब्द त्यासाठी राखून ठेवा.

बधिर म्हटलं की प्रसूतिगृहात भूलच आठवणार. कंबरेत इंजेक्शन दिलं असा अर्थ कुणीही घेईल.

'सवय'ची गंमत वेगळी. औषधाची सवय होणं आणि सवय लागणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात व्यसनाची छटा येते. शिवाय सवय सावकाश होते. मॉर्फिनचा डोस दिवसागणिक वाढवावा लागतो, तिथे ती शोभते.

मला विचाराल तर नामाच्या मागे लागूच नका. मराठीत '-नासा होणे' ही रचना आयती आहे: चालेनासा, ऐकेनासा, बोलेनासा. आधी करत होता, आता करत नाही, हे दोन्ही एकाच रूपात येतं. 'दाद देत नाही' म्हटलं तर तो स्नायू मुळातच हट्टी असेल. 'दाद देईनासा झाला' यात काय घडलं ते सगळं आलं.

तक्त्यात नाम लागेलच, तिथे 'प्रतिसादऱ्हास' चालेल, उच्चाराला जरा खडबडीत असला तरी. टॅकिफिलॅक्सिस हा वैद्यकातला इंग्रजी शब्द मात्र देवनागरीत तसाच ठेवा. पुन्हा पुन्हा दिलेल्या औषधाचा असर झपाट्याने उतरतो, एवढंच तो सांगतो. कारण सांगत नाही. रक्तदाब वाढवणाऱ्या इफेड्रीनचंही असंच होतं, पण तिथे मुख्यतः मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेलं नॉरअॅड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन संपत येतं. म्हणून दोन्हींना 'ग्राही बोथट झाले' असं सरसकट लिहू नका.

टिपणात असं बसवता येईल: "ऑक्सिटोसिन दीर्घकाळ दिल्यास गर्भाशयाचा स्नायू त्याला दाद देईनासा होतो, अशा वेळी प्रसूतीनंतर रक्तस्रावाकडे विशेष लक्ष ठेवावे."