पूंछला निघालीस, तर एवढं वाच

अगं, औषधांच्या पेटीची काळजी नंतर कर. पहिल्या दिवशी शाळेत गेलीस की बाकावर एखादं पोर दप्तर मांडीवर घट्ट धरून बसलेलं दिसेल. दार आपटलं की ते आधी छताकडे बघतं. त्याला 'घाबरू नकोस' म्हणू नकोस. शेजारी बस, त्याच्या हाती खडू दे. मे २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या सीमेलगतच्या या पूंछ शहरावरच पाकिस्तानचे तोफगोळे पडले, त्यात लहान मुलंही गेली. १० मे रोजी गोळीबार थांबला. पोरांच्या अंगातली भीती तारीख बघून जात नाही. आठवी-दहावीची मुलंही अंथरूण ओलं करतात. आईला बाजूला घेऊन सांग, रागावू नका. हे मी चारदा सांगते, कारण घरोघरी मार याच कारणासाठी बसतो.

बंकरमध्ये दाटीवाटीनं रात्री काढल्या की खरूज हमखास येते. एकट्या मुलाला मलम देऊन भागत नाही, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावायला लाव. जुलाब सुरू झाले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस राहिली आहे का, तेही बघ.

आणि शेतात सापडलेला न फुटलेला गोळा! पोरं तो खेळायला उचलतात. हात लावायचा नाही, मागं फिरायचं, मोठ्यांना सांगायचं, हे रोज प्रार्थनेनंतर म्हणून घे.