दारू सोडायची आहे. सपोर्ट ग्रुपची मिटिंग कशी शोधायची, आणि तिथे नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की मिटिंग शोधायची कुठे, गेल्यावर बोलावंच लागतं का, ओळखीचं कुणी भेटलं तर काय, आणि पत्नीला सोबत नेता येईल का. मी बरीच वर्षं अशा मिटिंगांना जातोय, त्यावरून सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. रोज आणि भरपूर पीत असाल तर आज एकदम बंद करून उद्या थेट मिटिंग गाठू, असं करू नका. आधी डॉक्टरांना भेटा. शरीराला सवय जडलेली असताना दारू अचानक थांबवली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, प्रसंगी जिवावर बेततं. त्यासाठी औषधं आहेत. ग्रुपमध्ये ती मिळत नाहीत, तिथे सगळी तुमच्या-माझ्यासारखीच माणसं.

मिटिंग शोधणं अवघड नाही. सगळ्यांत जास्त पसरलेला ग्रुप म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच एए. त्यांच्या वेबसाइटवर गाव-शहराप्रमाणे मिटिंगांची माहिती किंवा स्थानिक हेल्पलाइनचा नंबर मिळतो. जागा आणि वेळा बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी एक फोन करून खात्री करा. यादीत ‘ओपन’ लिहिलं असेल तर कुणीही येऊन बसू शकतं. ‘क्लोज्ड’ फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. तुम्हाला दोन्ही चालतील. घराबाहेर पडायचा धीरच होत नसेल तर ऑनलाइन मिटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसा, सुरुवात म्हणून तेही चालेल.

बोलावं लागत नाही. तुमची पाळी आली की ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, पुढचा माणूस सुरू करतो. फी नाही. मध्येच वर्गणीसाठी पिशवी किंवा टोपली फिरते, नव्या माणसाने त्यात काही टाकायची गरज नसते. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. बहुतेक ठिकाणी कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही आणि सल्ले द्यायचे नाहीत, असा रिवाज असतो. नव्या माणसाला हे विचित्र वाटतं: आपण एवढं पोटतिडकीने सांगितलं आणि कुणी काहीच म्हणालं नाही! सवय झाली की याचंच बरं वाटतं. काही लोक तेच ते पाल्हाळ लावतात, हेही आधीच सांगून ठेवतो. एक मिटिंग आवडली नाही म्हणून सगळ्यांवर फुली मारू नका; दुसऱ्या ग्रुपमध्ये हवा अगदी वेगळी असते.

ओळखीचं कुणी भेटलं, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. फार तर दोघं एकमेकांकडे बघून ओशाळं हसाल.

आता मला महत्त्वाचं वाटतं ते. मिटिंग संपल्या संपल्या पळू नका. खुर्च्या उचलायला थांबा, चहा असेल तर घ्या, आणि दोघा-तिघांचे फोन नंबर घेऊनच बाहेर पडा. तलफ मिटिंगची वेळ बघून येत नाही, आणि ती आली की अनोळखी नंबर फिरवणं फार जड जातं. म्हणून काही काम नसतानाच एक-दोनदा फोन करून ठेवा. एएची सुरुवातसुद्धा फोनवरूनच झाली. मे 1935 मध्ये बिल विल्सन हे दारू सोडून काही महिने झालेले गृहस्थ कामानिमित्त अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात आले होते. काम फिसकटलं, आणि हॉटेलात समोरच बार. त्यांनी तिथे न जाता चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला घेतले, दारूशी झगडणारा दुसरा कुणी भेटावा म्हणून. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. स्मिथ यांनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 हा दिवस एएचा स्थापना दिवस मानतात. काही दिवसांनी तुम्हालाही अनुभवी सभासदांपैकी एकाला ‘स्पॉन्सर’, म्हणजे दारू सोडण्याच्या वाटेवर सोबत करणारा मार्गदर्शक, होण्याची विनंती करता येते. घाई नाही, आधी माणूस पारखून घ्या.

एएचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा आहे, आणि त्यांतल्या देवाच्या उल्लेखावर अनेकजण अडतात. एए त्याचा अर्थ ज्याच्या त्याच्यावर सोडतं. तरीही पटत नसेल तर ‘स्मार्ट रिकव्हरी’ हा दुसरा सपोर्ट ग्रुप बघा. तिथे पायऱ्या नाहीत, स्पॉन्सर नाही, विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतींवर भर असतो आणि आपसात चर्चाही चालते. नुसत्या गप्पांनी काय होणार, अशी शंका असेल तर 2020 चा कॉक्रेन आढावा आहे; कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. 27 अभ्यास तपासून त्यांचा निष्कर्ष असा, की पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए आणि रुग्णाला एएकडे वळवणारे ठरावीक आखणीचे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे, बऱ्याचदा सरस ठरतात.

पत्नीला ओपन मिटिंगला जरूर न्या. पण त्यांची स्वतःचीही जागा आहे: 1951 पासून चालत आलेला ‘अल-ॲनॉन’, फक्त कुटुंबीय आणि मित्रांसाठी. तुम्ही मिटिंगला जा किंवा न जा, त्या तिथे जाऊ शकतात.