नृत्यावर आधारित अ‍ॅनिमेशन करून उदरनिर्वाह होईल का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: आठ वर्षे नृत्य शिकल्यानंतर नोकरी सोडून केवळ नृत्यावर आधारित अ‍ॅनिमेशन करत स्वतंत्रपणे पोट भरता येईल का, आणि नर्तकाचे चित्रीकरण समोर ठेवून गिरवणे ही पळवाट ठरते का. दुसरा प्रश्न आधी घेतो.

चित्रीकरण फ्रेमगणिक गिरवण्याच्या ‘रोटोस्कोप’ या यंत्राचे पेटंट अ‍ॅनिमेशनकार मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये मिळाले. इतक्या जुन्या पद्धतीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. अडचण वेगळी आहे. प्रत्येक फ्रेम इमानेइतबारे गिरवली की उडीतला जोर आणि जमिनीवर टेकतानाचे वजन हरवते व आकृती तरंगल्यासारखी दिसू लागते, कारण कॅमेरा सगळ्या क्षणांना सारखेच महत्त्व देतो, नर्तक देत नाही. म्हणून मी चित्रीकरण दोन-तीनदा पाहून बंद करतो, गुडघे वाकण्याचा, हवेत सर्वांत उंच असण्याचा आणि पाय टेकण्याचा क्षण आठवणीने काढतो आणि मधे किती चित्रे घालायची ते स्वतः उठून, ती हालचाल करून, मात्रा मोजून ठरवतो. (शेजारच्यांना त्याची आता सवय झाली आहे.) हे मोजणे आपल्या अंगात आधीच आहे, आणि माझ्या मते आपले खरे भांडवल तेच आहे.

अ‍ॅनिमेशनकार नॉर्मन मॅकलॅरन यांनी १९६८ च्या ‘पा द द्यू’ या लघुपटात तर नर्तकांचे चित्रच काढले नाही; ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे चित्रित फिल्म दुसऱ्या फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्रावर, तीच हालचाल थोड्या थोड्या अंतराने अकरापर्यंत वेळा एकाच फ्रेमवर उमटवली, आणि एरवी डोळ्यांना न दिसणारा हालचालीचा माग पडद्यावर आला. नर्तकाने केले तेच पुन्हा दाखवायचे असेल, तर चित्रीकरण पुरेसे आहे.

आता पोटाचा प्रश्न. सेकंदाला २४ फ्रेम आणि एक चित्र दोन फ्रेम धरले, तर सेकंदाला १२ चित्रे लागतात. चार मिनिटांच्या लघुपटाला २,८८० होतात. दिवसाला बारा पूर्ण चित्रे, हा वेग धरला तरी २४० दिवस जातात, आणि त्या काळात लघुपट काहीही मिळवून देत नाही. अ‍ॅनिमेशनकार एरिका रसेल यांचे नृत्यावरचे तीन प्रसिद्ध लघुपट १९८८, १९९४ आणि २००१ चे आहेत, आणि त्यांतल्या मधल्याला ऑस्करचे नामांकन होते. मधली वर्षे जाहिराती, संगीत-व्हिडिओ, रंगमंचावरील प्रक्षेपण आणि शिकवणे अशा कामांवर काढावी लागतात, हे गृहीतच धरावे. अशा कामाच्या करारात दुरुस्तीच्या फेऱ्यांची संख्या आणि टप्प्याटप्प्याने मिळणारे पैसे लिहून घ्यावेत. मी एकदा ते केले नाही आणि सहा सेकंदांचे काम नऊ वेळा बदलून दिले.

नृत्यरचना दुसऱ्याची असेल तर तिचा आणि संगीताचा हक्क लेखी घ्यावा, तोही पहिले चित्र काढण्यापूर्वी, कारण लय बांधून झाल्यावर संगीत बदलणे म्हणजे लघुपट नव्याने काढणे होय.

नोकरी तूर्त सोडू नये. तीस सेकंदांचा एकच तुकडा पूर्ण करावा, त्याला लागलेले तास प्रामाणिकपणे नोंदवावेत आणि तो आकडा येथे लिहावा. पुढचा हिशेब त्यावरून मांडता येईल.