बांगडी ‘वाढते’ ती कशी?

ऐरोलीच्या एका मैत्रिणीने विचारलं आहे : “बांगडी फुटली म्हटलं की सासूबाई लगेच ‘वाढली म्हण’ असं सांगतात. नव्या गाडीच्या पूजेला गुरुजीही ‘नारळ वाढवा’ म्हणाले. फुटण्याला वाढणं का म्हणायचं? हे हिंदीतून आलंय का?”

दुकान बंद करण्याला ‘दुकान बढ़ाना’, दिवा मालवण्याला ‘दिया बढ़ाना’ असं हिंदीत म्हणतात, हे खरं. पण म्हणून आपला शब्द उसना मानायचं कारण नाही. लहानपणी आईबरोबर जांभळीनाक्याला बांगड्या भरायला जायचे. कासारीणकाकू आईचा पंजा दाबून दाबून मऊ करत आणि बांगडी हळूच वर सरकवत. एखादी कट्‌कन जायची. काकू पटकन म्हणायच्या, “वाढवली गं एक,” आणि तुकडे बाजूला सारून दुसरी भरायच्या. ‘फुटली’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही.

वास्तू तथास्तु म्हणते, ही आपल्याकडची पक्की समजूत. बोललं ते खरं होईल, म्हणून अभद्र बोलायचंच नाही. घरातून निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, लांबडं किंवा जनावर म्हणायचं; तो चावला तर ‘पान लागलं’. ज्या रोगाने घरंच्या घरं ओस पडली, त्याला आपण ‘देवी’ म्हणालो. १९८० साली तो जगातून गेल्याचं जाहीर झालं, नाव मात्र अजून आदराचंच आहे. पंचांगातलं विष्टी करण (करण म्हणजे अर्धी तिथी) शुभकार्याला वर्ज्य, आणि त्याचं दुसरं नाव काय, तर भद्रा, म्हणजे कल्याणी! प्राचीन ग्रीकांनीही हेच केलं. काळ्या समुद्राला ते आधी ‘परक्याला थारा न देणारा’ म्हणत, पुढे ‘पाहुण्यांचं स्वागत करणारा’ म्हणू लागले.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. संस्कृतात ‘वर्ध्’ असा एक धातू आहे आणि त्याचा अर्थ चक्क कापणं. सुताराला ‘वर्धकि’ म्हणत; हिंदीतला ‘बढ़ई’ त्यातूनच आला. मनुस्मृतीत जातकर्म, म्हणजे जन्माच्या वेळचा संस्कार, ‘नाभिवर्धना’च्या आधी करायला सांगितलं आहे. इथे नाभिवर्धन म्हणजे बाळाची नाळ कापणं. म्हणजे वाढ आणि छेद हे दोन अर्थ फार जुन्या काळापासून एकाच रूपात शेजारी नांदत आहेत. मग आपलं ‘वाढवणं’ थेट या कापण्यातूनच आलं असेल का?

मोह होतो, पण मला ते पटत नाही. तसं असतं तर कुठलीही वस्तू वाढली असती. चहाचा कप हातातून पडला तर तो फुटतोच, ‘कप वाढला’ असं कोणी म्हणत नाही. लाकूडही तुटतं, वाढत नाही. वाढते बांगडी, वाढतं मंगळसूत्र, वाढवतात तो देवापुढचा नारळ. जिथे सौभाग्य किंवा शुभकार्य गुंतलेलं आहे, तिथेच हा शब्द येतो. म्हणून मी अभद्र टाळण्याच्या बाजूने कौल देते. जुन्या धातूने फार तर हा शब्द रुळायला हात दिला असेल.

व्याकरणाचं एक सांगून ठेवते. आपोआप फुटली तर ‘बांगडी वाढली’, काढताना किंवा भरताना आपल्या हातून फुटली तर ‘वाढवली’. नारळ मात्र नेहमी ‘वाढवतात’.